तीन नंबरच्या बाटलीतल्या मिशा

माझ्या हातच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. ठेवून बघावं! सुरतेच्या नवागामात एकवीस वर्षं मी साड्यांवर खडे चिकटवले, शेठकडून एक पीस परत आला नाही. शेजारच्या रुक्मिणीचे येत, सुंदराचे येत, माझा नाही. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, बाई अडाणी होती, हात थरथरला असेल. हात थरथरला नव्हता. हातानं शिकवल्याप्रमाणे काम केलं, आणि तिथेच घोळ झाला.

खड्यांच्या कामाचा एक नियम असतो, तेवढा समजून घ्या. बुट्टीच्या दोन बाजूंना दोन मोठे खडे असतात. त्यातला एक निघाला तर नवा एकच बसवून चालत नाही. जुन्या लॉटचा खडा आणि नव्या लॉटचा खडा घरात सारखे दिसतात, पण उन्हात धरले की एक पिवळट मारतो, आणि शेठचा माणूस साडी उन्हातच बघतो. म्हणून जो खडा शाबूत आहे तोही उचकटून काढायचा आणि एकाच लॉटचे दोन नवे बसवायचे. जोड पुरी पाहिजे. सासूनं मला हे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवलं, तेही हातावर फटका मारून.

गजेंद्र सर आमच्या शिरपूरकडचेच, इथे एका कॉलेजात कीटकशास्त्र शिकवतात. त्यांच्या बायकोची एक साडी माझ्या हातची निघाली. सरांनी ती भिंगाखाली धरली म्हणे, आणि निरोप धाडला की हे ज्या बाईनं केलं तिला बोलवा. मला वाटलं, आली तक्रार. पदर खोचून भांडायच्या तयारीनंच गेले. तर सरांनी काचेची एक बशी पुढे सरकवली. बशीत थेंबभर लवंगतेल आणि तेलात एक कण.

"मालतीबाई, या कणाचे पंख वेगळे करता येतील का?"

"कणाला पंख कुठून आले?" मी म्हटलं.

सरांनी मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. डोळा लावला आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. खसखशीच्या दाण्याहून लहान जीव, त्याला डोळे, कंबर, पाय, सगळं. पंख म्हणजे एक बारीक पट्टी आणि तिला चहूबाजूंनी लांब झालर, आमच्या कुठल्या साडीला कधी लागली नसेल अशी. इंग्रजीत हिला परीमाशी म्हणतात. पण ती माशी नव्हे, गांधीलमाशीच्या खानदानातली. उसावरचे तुडतुडे पानाच्या शिरेत अंडी घालतात, आणि ही बया त्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पोर आतल्या आत सगळं फस्त करून बाहेर येतं.

"मेली चोरटी," मी म्हटलं.

"चोरटी आहे म्हणून ऊस वाचतो, बाई," सर म्हणाले.

तेव्हापासून नऊ वर्षं मी सरांच्या प्रयोगशाळेत आहे. सुईच्या टोकाला पापणीचा केस चिकटवायचा आणि त्या केसानं किड्याचं डोकं, पंख, पाय, मिशा वेगळ्या करून काचपट्टीवर मांडायच्या. वर कॅनडा बाल्सम नावाचा डिंक, त्यावर नखाएवढी काच. झाली स्लाईड. मिशांना पुस्तकात शृंगिका म्हणतात, मी मिशाच म्हणते. शिकलेली पोरं तीन-तीन किडे फुकट घालवत, माझा एक वाया जात नसे. कॉलेजातले गुजराती मास्तरसुद्धा आपलं काम घेऊन येत, "मालतीबेन, आ जरा करी आपो ने." मी मुद्दाम दोन दिवस लावायची. आपली किंमत आपण ठेवायला नको का?

दोन वर्षांपूर्वी निशा आली. निशा सोमा सैंदाणे, सुरतेतल्याच भेस्तानची. बाप लूमवर, आई प्रभावती घरी लेस लावणारी. घरातच काय, त्यांच्या सगळ्या गल्लीत डॉक्टरकीच्या अभ्यासाला पोचलेली ती पहिली. डॉक्टरकी म्हणजे औषधाची नव्हे, पीएचडीची. हे सोमाभाऊंना पक्कं कळायलाच वर्ष गेलं. सोमाभाऊ तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभे राहिलेले, कान पार गेलेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बोंबलायचं.

पोरगी गोड होती असं मी म्हणणार नाही. तोंडाची फटकळ होती, माझ्यासारखीच, म्हणून तर आमचं जमलं. एकदा मी विचारलं, "जात आणि प्रजातीत फरक काय गं?" तर म्हणाली, "मावशी, माणसांच्या जातींनी आमच्या घराचं पुष्कळ वाटोळं केलंय, मी किड्यांच्याच तेवढ्या सांगते. प्रजाती म्हणजे घराणं. एका घराण्यात पुष्कळ जाती. नवी जात सापडते अधूनमधून. नवी प्रजाती सापडली तर मात्र अख्खं घराणंच नवीन. आणि त्या घराण्याच्या नावामागे, ज्यानं शोधलं त्याचं नाव कायम लागतं. माणूस मेला तरी."

"मग शोध की एक," मी म्हटलं.

"बाजारात मिळतात का, मावशी?" ती म्हणाली आणि माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली.

गेल्या फेब्रुवारीत ती कडोदऱ्याच्या एका शेतातून उसाची पानं घेऊन आली. पानं तोडून बाटल्यांत ठेवली, नंबर टाकले. दहा-बारा दिवसांत किडे निघाले. तीन नंबरच्या बाटलीत एकाच प्रकारच्या माद्या निघाल्या, डझनावारी. सात नंबरच्या बाटलीत पाच-सहा नर आणि एकच मादी. ती मादी निशाला वेगळी वाटली. पंखांची झालर बघून वहीत तिनं लिहिलं, ॲनाग्रस, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ॲनाग्रस ही जुनी प्रजाती, कुण्या गोऱ्या साहेबानं दोनशे वर्षांपूर्वी नाव दिलेली. खरं काय ते मिशा बघूनच ठरतं, तेही मादीच्या. नराच्या मिशा बघून काही कळत नाही.

"मावशी, ही एकच आहे," निशा म्हणाली. "हिला तुम्हीच हात लावा. मी नाही लावणार."

ते शेत पुढच्याच महिन्यात कापलं गेलं आणि तिथे कापडाच्या गोदामाचा पाया पडला. दुसरी मादी आणायची सोय उरली नाही.

मे महिन्यातली दुपार. हे काम पंख्याखाली होत नाही, फुंकरेनंसुद्धा किडा उडून जातो. सुरतेचा मे, बंद खोली, बंद पंखा. निशा घरी गेली होती, तिला बरेच दिवस बारीक ताप येत होता. मी पंख मांडले, पाय मांडले. मिशा बघितल्या तर डावी आधीच मोडलेली, बुडाचा तुकडा तेवढा शिल्लक. उजवी मात्र सुरेख होती. ती मी केसाच्या टोकावर उचलली आणि तेवढ्यात नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला बरोबर काचेवर. तेल एकीकडे, पाणी एकीकडे, आणि मिशी कुठेच नाही. तासभर शोधली. टेबल पुसलं, फडकं मायक्रोस्कोपखाली धरलं. गेली ती गेली.

मी काय करायला हवं होतं? सरांना सांगायला हवं होतं, दुसरं काय! पण माझ्या हातून पीस वाया गेला असं मी जन्मात कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि मला तेव्हा त्यात मोठं पाप वाटलंच नाही, देवाशपथ. तीन नंबरच्या बाटलीत तितक्याच लांबीच्या, तितक्याच बारीक माद्या पडल्या होत्या. त्यातली एक घेतली. तिच्या मिशा हरवलेल्या मिशीशी आठवून ताडल्या, सारख्या वाटल्या. डावीकडे मोडका तुकडा होता, तो मी काढून टाकला आणि दोन्ही मिशा एकाच मादीच्या बसवल्या. जोड पुरी केली. वरून बाल्सम, काच. स्लाईड अशी झाली की बघत राहावं. घरी जाऊन मी त्या दिवशी चांगलं तासभर झोपले.

जूनमध्ये निशानं ती स्लाईड बघितली आणि किंचाळली. सर धावत आले. दोघं तीन दिवस पुस्तकं काढून बसले, परदेशातल्या कुणाकुणाला फोटो पाठवले. बोलणं सगळं इंग्रजीत. मला एवढंच सांगितलं की मावशी, नवी प्रजाती आहे. मी पेढे आणले. स्लाईड कुणी केली हे ज्याला त्याला ऐकवलं. किती नाचले मी!

आणि जुलैमध्ये तिच्या तापाचं कारण कळलं. रक्ताचा कॅन्सर. तोही असा की डॉक्टरांनी सोमाभाऊंना बाजूला घेतलं, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहून दाखवलं.

सरकारी दवाखान्यात मी एक दिवसाआड जायची, डबा घेऊन. ती पेपर लिहीत होती. पडल्या पडल्या, मोबाईलवर, एका बोटानं. बाकी कशाची तिला पर्वा नव्हती. केस गेले, तोंडात फोड आले, पोरगी पेपर लिहितेय. सोमाभाऊ उशाशी बसून असत. एके दिवशी त्यांनी विचारलं, "अगं, पण नवीन कसं म्हणतात? कशावरून?"

निशानं मोबाईलवर चित्र मोठं केलं आणि बापाला ऐकू जावं म्हणून होतं-नव्हतं तेवढं बळ लावून बोलली. अख्ख्या वॉर्डनं ऐकलं. "बाबा, हे पाऊल बघा. चार सांध्यांचं. हे पंख बघा. असं पाऊल आणि असे पंख एका जुन्या घराण्यात असतात. पण त्या घराण्यात मिशीच्या टोकाची गाठ एकसंध असते. हिची बघा, तीन तुकड्यांची! असं अंग आणि अशा मिशा एका जिवात जगात कुठेच नाहीत. फक्त कडोदऱ्यात!"

"म्हणजे मिशीवरच सगळं?" सोमाभाऊ म्हणाले.

"मिशीवरच सगळं!" ती हसत ओरडली.

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते. तीन नंबरच्या बाटलीतल्या मिशा होत्या त्या. नवी प्रजाती कडोदऱ्यात नव्हतीच, ती मी टेबलावर बसून तयार केली होती.

घरी येऊन भिकनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला. म्हणाला, "चूप बस. पोर मरी राहिनी, आते तिले कसाले सांगस?" त्याचंही बरोबर होतं, मरत्या पोरीला आता कशाला सांगायचं? दहा दिवस गप्प बसले. दवाखान्यात जायचं, तिच्याकडे न बघता डबा द्यायचा आणि निघायचं. मला ताप का येत नाही, असं वाटायचं. मनात म्हणायची, खोटं तर खोटं, एवढ्याशा किड्याचं खोटं, कुणाचं काय वाकडं होणार आहे त्यानं? पोरीचं नाव राहील. सोमाभाऊंना म्हातारपणी धरायला काहीतरी राहील. आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, अगं भवाने, उद्या कुणी शहाणा ती स्लाईड उचलेल आणि म्हणेल, ही कोण सैंदाणे, हिला दोन किड्यांचे तुकडे ओळखता आले नाहीत. मेलेल्या पोरीला हसतील. तिला तोंड उघडून सांगताही येणार नाही की मी नाही केलं.

अकराव्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. "मावशी, सोमवारी सर पेपर पाठवतायत. शेवटी काय लिहिलंय ऐका. 'स्लाईड अतिशय कुशलतेनं तयार केल्याबद्दल मालतीबाईंचे आभार.' तुमचं नाव छापून येणार, मावशी!"

मला राहवलं नाही. रडूही आलं नाही आधी, नुसतं बोलणंच बाहेर आलं. घाम, तेल, तीन नंबरची बाटली, जोड, सगळं. सोमाभाऊ तिथेच होते. आमच्या तोंडांकडे बघत होते आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

निशानं नजर छताकडे वळवली. मग विचारलं, "डाव्या मिशीचा तुकडा होता ना? तो कुठाय?"

"फेकला गं."

"का?"

"जोड..." मी म्हटलं.

"बाहेर जा, मावशी."

"निशा, ऐक तरी..."

"बाहेर जा!"

तिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाहेर बाकावर बसून मी हंबरडा फोडला. सर जिन्यातून वर येत होते, त्यांना तिथेच गाठून सांगितलं. सर भिंतीला टेकले. म्हणाले, "मालतीबाई, हे पंधरा दिवस आधी तरी बोलायचं होतंत, नाहीतर पंधरा दिवसांनी तरी."

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. माझ्याकडे बघत नव्हती. सरांना म्हणाली, मी विचारते ते लिहून घ्या. आणि मला असे प्रश्न विचारले की पोलीस बरे. किती वाजता, कुठली सुई, कुठली बशी, तीन नंबरमधली ती दुसरी मादी कुठे टाकली. मध्ये मध्ये धाप लागायची, मग थांबायची. सर्व झाल्यावर म्हणाली, "सर, पेपर पाठवू नका. अंग ॲनाग्रसचं आहे. मी आधी वहीत लिहिलेलं तेच. माझं तेव्हा बरोबर होतं."

सर म्हणाले, "निशा, जरा थांबू. पुन्हा गोळा करू, बघू. घाई कशाला?"

"मला घाई आहे, सर," ती म्हणाली.

स्लाईड फेकायची नाही, असंही तिनं बजावलं. तिच्यावर चिठ्ठी लावायची, मिशा दुसऱ्या किड्याच्या आहेत, कुणी बसवल्या आणि कधी. ती चिठ्ठी मी माझ्या हातानं लिहिली, तिच्यासमोर. मग मी जायला उठले तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बाबांना तुम्ही सांगू नका. ते भेस्तानभर सांगून आलेत. मी सांगते त्यांना, नीट समजावून."

तिचं सांगणं राहूनच गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. माझ्याशी नीट बोलली नाही ती नाहीच. काहीजण म्हणतात, मनातून माफ केलं असेल. मला नाही वाटत. मी तिच्या जागी असते तर केलं नसतं.

पुण्यानुमोदनाला सगळं भेस्तान लोटलं होतं. वंदना झाली, लोक दोन शब्द बोलले. मग सोमाभाऊ उभे राहिले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढतो ते कळत नाही. ते ओरडून म्हणाले, "माझी पोरगी गेली, पण तिचं नाव जगाच्या पुस्तकात लागलंय. आपलं नाव, सैंदाणे. आता ते कुणाला पुसता यायचं नाही!" प्रभावतीनं तोंडात पदर कोंबला. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

पंधरा दिवसांनी सोमाभाऊ प्रयोगशाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. विहारात निशाचा फोटो लावणार होते, त्याच्या खाली तिच्या किड्याचं पान फ्रेम करून लावायचं होतं. "ते छापलेलं पान द्या, सर. झेरॉक्स चालेल."

सर खुर्चीवरून उठले. "मी... मी आलोच," असं काहीतरी पुटपुटून बाहेर गेले. मोठी माणसं! शिकलेली! मी आणि सोमाभाऊ दोघंच उरलो.

मी हळू आवाजात सुरू केलं. त्यांनी कानामागे हात धरला. "काय?" मी जरा मोठ्यानं बोलले. "काय म्हणता, ताई?" असल्या गोष्टी माणूस कानात सांगतो, अंधारात सांगतो. मला त्या कोकलून सांगाव्या लागल्या.

"पान नाही, सोमाभाऊ! छापलंच नाही!"

"छापायचंय अजून?"

"छापणार नाही! ती प्रजाती खोटी निघाली! मिशा दुसऱ्या किड्याच्या होत्या! मी बसवल्या! मी!"

दारं उघडली. शेजारच्या खोल्यांतून पोरं बाहेर आली, शिपाई आला. "शुं थयुं, मालतीबेन?" कुणीतरी विचारलं. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. घाम, बाटली, जोड, निशानं पेपर थांबवला ते, सगळं घसा फाटेस्तोवर ओरडले. सगळ्या कॉलेजनं ऐकलं.

सोमाभाऊ स्टुलावर बसले. खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं. "पोरीला कळलं होतं?"

"हो!"

"रडली?"

"नाही! रागावली!"

"रागवायचीच ती," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले. "नाव तिनं स्वतः काढायला लावलं?"

मी मान हलवली. मी पाणी दिलं ते प्यायले नाहीत. मग म्हणाले, "ती मादी अजून असेल ना कुठे तरी शेतात? दोन्ही मिशांची? ती आणली, आणि निघालीच नवीन, तर?"

मला माहीत होतं, अंग ॲनाग्रसचं आहे, म्हणजे मिशाही त्याच असणार. पण शंभर टक्के असं मला तरी कुठे ठाऊक होतं? आणि त्या माणसाच्या तोंडावर एवढीशी आशा आली होती. मी म्हटलं, "आणा. मी बघते!"

गुरुवारी त्यांची सुट्टी असते. दर गुरुवारी सोमाभाऊ कडोदऱ्याला जायला लागले. गोदाम झालं होतं त्याच्या मागे कापल्या खोडांना फुटून थोडा ऊस पुन्हा उभा राहिला आहे. पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचे, दुपारी अडीचपर्यंत हजर. मी बाटल्या भरायची, नंबर टाकायची. ते स्टुलावर बसून मागच्या आठवड्यातलं काय झालं ते विचारायचे. काहीच निघालं नाही, मी ओरडून सांगायची. ते मान डोलवायचे.

पाचव्या आठवड्यात ती निघाली. तशीच झालर, तशीच कंबर, तेच चार सांध्यांचं पाऊल. यावेळी एक नाही, चौघीजणी निघाल्या. पंखा बंद करून मी डोक्याला टॉवेल बांधला आणि पहिलीच्या मिशा काढल्या. दोन्ही जागच्या जागी, शाबूत. टोकाची गाठ बघितली. एकसंध. दुसरीच्या बघितल्या, तिसरीच्या, चौथीच्या. सर येऊन बसले, त्यांनी मोजमापं घेतली, पुस्तकं ताडली. ॲनाग्रस. जातसुद्धा जुनी, शेकडो ठिकाणी सापडलेली. निशानं वहीत लिहिलं होतं तेच, फक्त पुढचं प्रश्नचिन्ह खोडायचं. सरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसत बसले. मला त्या किड्याचा इतका राग आला की काच भिंतीवर आपटावीशी वाटली. आपटली नाही.

गुरुवारी सोमाभाऊंना बसवलं, मायक्रोस्कोपमधून दाखवलं. "ही तीच! मिशी बघा! एकसंध आहे! जुनंच घराणं आहे, सोमाभाऊ! आता नवीन काही निघायचं नाही! शोधायचं संपलं!"

त्यांनी डोळा लावून खूप वेळ बघितलं. "समजलं," म्हणाले. मला हात जोडले, रिकामं गोणपाट घडी करून काखेत घेतलं आणि गेले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा या जिन्यानं येणार नाही. त्या आठवड्यात मी धड जेवले नाही.

पुढच्या गुरुवारी अडीच वाजता दार वाजलं. सोमाभाऊ. काखेत ओलं गोणपाट, त्यात पानं.

मला आधी वाटलं, त्यांना मागच्या वेळी ऐकूच गेलं नाही. मी जवळ जाऊन ओरडले, "सोमाभाऊ! आता पानं कशाला? सांगितलं ना, संपलं म्हणून!"

"ऐकलं होतं, ताई," ते म्हणाले. "समजलंही होतं."

"मग?"

त्यांनी गोणपाट टेबलावर ठेवलं. "घरी कुणी तिचं नाव काढत नाही. प्रभावती रडते म्हणून शेजारीपाजारीही काढत नाहीत. मिलमध्ये विचारायचे आधी, आता तेही बंद झाले. तिथे शेतात एक रखवालदार आहे, युपीचा, दर आठवड्याला नवा असतो. तो विचारतो, चाचा, पत्ते किसके लिए तोड़ रहे हो. मग मी सांगतो."

"काय सांगता?" मी विचारलं. ओरडायचं विसरले, पण त्यांना माझ्या ओठांवरून कळलं.

"सांगतो, माझी पोरगी आहे, निशा. कॉलेजात शिकते. तिला लागतात."

मी गोणपाट उघडलं, पानं घेतली, आणि बाटल्यांवर नंबर टाकायला बसले.